नाव घातलेली गुंडी

बस्तरला लोक जातात ते धबधबे पाहायला, नाहीतर दंतेश्वरीच्या दर्शनाला. मी गेले ते एक तुंबा परत करायला. तुंबा म्हणजे वाळवून पोकळ केलेला दुधीभोपळा. पोट मोठं, मान बारीक, मानेला दोरी. तिकडची माणसं त्यात पाणी नाहीतर पेज भरून दिवसभरासाठी रानात घेऊन जातात. हा तुंबा सात महिने माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला होता आणि तो आमचा नव्हता.

आधी माझं सांगते. मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातली. आमचं घराणं भोसल्यांच्या वेळी इकडे आलं ते इथलंच झालं. सरकारी हापिसात जन्मभर फायली फिरवल्या आणि निवृत्त झाले. बोलताना आमचं मले-तुले चालतं, लिहिताना सांभाळते, तरी कुठे निसटलं तर चालवून घ्या. आणि मी भित्री आहे. मुलगा मंदार फौजेत हेलिकॉप्टर उडवतो, तर लोकांना वाटतं त्याची आई मोठी धीराची असेल. कसलं काय. तो ड्यूटीवर असला की मी टीव्हीवर बातम्या लावू देत नसे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी मंदारचं हेलिकॉप्टर पाडलं. बस्तरच्या दक्षिणेकडच्या जंगलात जखमी जवानांना आणायला निघाला होता. खालून गोळ्या लागल्या, इंजिन बसलं, आणि त्याने ते कसंबसं एका कोरड्या नाल्यात उतरवलं. सोबत एक जोडीदार होता. पुन्हा गोळ्या सुरू झाल्या तसे दोघे दोन बाजूंना पांगले. जोडीदार संध्याकाळपर्यंत एका कॅम्पवर पोचला. मंदारची नडगी मोडली होती. तो सरपटत गेला आणि अडीच दिवस कोणालाच सापडला नाही.

फोनवर त्यांनी मला ‘लापता’ हा शब्द सांगितला. त्या अडीच दिवसांत यांनी बैठकीतलं घड्याळ भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं होतं. मी काहून म्हणून विचारलं नाही. आम्ही दोघं फोनसमोर बसून असायचो आणि तो वाजला की उचलायची हिंमत व्हायची नाही.

तिसऱ्या दिवशी तो सापडला. रायपूरच्या दवाखान्यात नर्सने एक पिशवी माझ्या हातात दिली. त्यात त्याचं घड्याळ, एक बूट आणि हा तुंबा. तुंब्यावर तापलेल्या सुरीने डागून नक्षी काढली होती, माशांची एक ओळ आणि खाली चंद्रकोर. नर्स म्हणाली, बेशुद्धीतही हा हातातून सोडत नव्हता.

मंदारने सांगितलं ते

पायात सळी घातल्यावर आठवड्याने तो बोलला, तेही फक्त माझ्याजवळ.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. बाया पहाटे झाडाखाली येतात. त्याआधी झाडाखालचा पाचोळा ओढून बाजूला ढीग करतात आणि पेटवून देतात, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात आणि वेचायला सोपी जातात. अशाच एका झाडाजवळ मंदार पडला होता. एक बाई टोपली घेऊन आली. तिने त्याला पाहिलं, ओरडली नाही. जवळ बसून विचारलं, “तुचो नाव काय आय?”

ही हलबी बोली. आपल्या मराठीचीच चुलत बहीण म्हणा. मंदार म्हणाला, “आई, तो ‘चो’ कानावर पडला आणि मला रडूच आलं. असं वाटलं, घरातलंच कोणी बोलून राहिलं.” त्याने नाव सांगितलं. तिनेही आपलं सांगितलं. तुंब्यातली नाचणीची पेज त्याला पाजली आणि पाचोळ्याचा ढीग त्याच्या अंगावर ओढला.

थोड्या वेळाने माणसं आली. त्यालाच शोधत होती. मंदार त्यांच्यापासून दहा पावलांवर, वाळक्या पानांच्या आत. त्यातल्या एकाने बिडी पेटवली. मंदार म्हणाला, “काडी ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, ती काडी आता इकडे फेकतील. पाचोळा पेटवायचाच असतो ना.” बाई त्या माणसांवर तुटून पडली. माझी फुलं तुडवून राहिले, दिसत नाही का, पाय काढा आधी, असं काहीबाही. माणसं बडबडत निघून गेली. बिडी विझवून गेली की नाही हे त्याला कळलं नाही. तो किती तरी वेळ धुराचा वास येतो का ते हुंगत पडला होता.

दोन दिवस ती पेज आणत राहिली. तिसऱ्या सकाळी शोधायला आलेलं पथक जवळ आलं तसा तुंबा त्याच्या हातात ठेवून ती निघून गेली.

“सरकारी जबाबात मी लिहून दिलं, एक अनोळखी बाई,” तो म्हणाला. “नाव फक्त तुला सांगितलं. तिकडे कोणाला कळलं की हिने पायलट लपवला, तर तिला ठेवतील का जिवंत?”

मी मान डोलावली. मान डोलावली, एवढंच. डोक्यात किती गेलं ते पुढे कळेल.

मंदार घरी आला. काठी टेकत चालायला लागला. पण मागच्या अंगणात मोलकरीण पेरूची पानं झाडायला लागली की तो उठून आत जातो आणि दार लावून घेतो. आम्ही ती पानं झाडणंच बंद केलं.

गोल बाजार

तुंबा रोज डोळ्यांसमोर. कोणाचं भांडं घरात राहिलं की माझ्या जिवाला चैन पडत नाही. शेजारणीची वाटीसुद्धा मी दुसऱ्या दिवशी परत करते, आणि रिकामी नाही, काहीतरी घालून. इथे तर माझं पोरगं जिच्या पेजेवर जगलं तिचं भांडं मी खुंटीला लटकवून बसले होते.

मंदारला विचारलं तर तो एका शब्दात म्हणाला, “नाही.” म्हणून मी त्याला खोटं सांगितलं. म्हटलं, दंतेश्वरीला नवस बोलले होते, फेडून येते. यांना खरं सांगितलं. ते चिडले, मग म्हणाले, “हेमलालला घेऊन जा, त्याले तिकडची बोली येते.” हेमलाल आमच्या ओळखीचा गाडीवाला, केशकाळकडचा.

बाई कुठे भेटेल ते मंदारच्याच बोलण्यात आलं होतं. ती बुधवारच्या हाटात, म्हणजे आठवडी बाजारात, मोठ्या चिंचेखाली चारोळी विकायला बसते. डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे.

तुंब्यात मी नरसाळं लावून दुबराज तांदूळ भरले. पण तुंबा तर तिचाच, आमच्याकडून काय? गोल बाजारात गेले आणि पाणी भरायची एक छोटी पितळी गुंडी घेतली, काठ जाड, बूड भक्कम. आणि मग मी ते केलं. दुकानदाराने विचारलं, “नाम डालना है, दीदी?” आमच्या घरात भांडं दिलं आणि त्यावर नाव नाही, असं कधी झालेलं नाही. लग्न असो, मुंज असो, कोणाला, कोणाकडून, गाव, सगळं व्यवस्थित. मी कागदावर लिहून दिलं. तिचं नाव आणि पुढे ‘हिला, मंदारच्या आईकडून, रायपूर.’ वर सांगितलं, “खोल घाला भैया, पुसट नको.”

त्याने खोल घातलं. मी खूश होऊन घरी आले. माझ्या मनात एकदाही आलं नाही.

केशकाळचा घाट

मंगळवारी सकाळी निघालो. धमतरीपर्यंत भाताची खळी, रस्त्याच्या कडेला धानाची पोती, सगळं आपलं ओळखीचं. कांकेरला नाश्ता केला, गरम चीला आणि टमाट्याची चटणी. आमच्याकडे धिरड्याला इतकं पातळ कोणी घालत नाही, पण चव चांगली होती. मी दोन खाल्ले. भीती वाटली की मला भूक लागते, हा माझा जुना दोष आहे.

केशकाळच्या घाटात सगळे गाडीवाले तेलीन मातेपुढे थांबतात. हेमलालने नारळ फोडला, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. “दीदी, किससे मिलना है वहाँ?”

“एक बाई आहे. आमच्या घरावर उपकार आहेत तिचे. भेट द्यायची आहे.” एवढंच सांगितलं.

घाट चढून वर आलो आणि साल वृक्ष सुरू झाले. सरळसोट झाडं, एकापुढे एक, आत नजर पोचत नाही. लोक म्हणतात किती सुंदर जंगल. असेल. मी खिडकीतून पाहत होते आणि प्रत्येक झाडाखाली मला पाचोळा दिसत होता. त्याच्या खाली माणूस असला तर रस्त्यावरून दिसेल का, हेच पाहत होते. दिसत नाही.

मधूनमधून जवानांचे कॅम्प लागतात, तारांचं कुंपण, वाळूच्या पोत्यांच्या भिंती. त्यामागे आमच्या मंदारच्याच वयाची पोरं. एकाने गाडी थांबवून आत वाकून पाहिलं, “कहाँ, माताजी?” म्हणून विचारलं. दंतेश्वरी, म्हणाले. त्याने हात जोडले. खोटं बोलायला इतकं सोपं जातं हे मला या वयात कळलं.

कोंडागाव

संध्याकाळी कोंडागावात लॉजवर उतरलो. चहा घेत होते तोच मंदारचा फोन आला.

“आई, बाबांनी सांगितलं मला सगळं.” त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. “ते म्हणून राहिले की तू गुंडीवर नाव घातलंस. काय घातलंस?”

मी गुंडी पुढ्यात घेतली आणि वाचून दाखवलं. वाचता वाचता ‘मंदारच्या’पाशी अडखळले.

“आई, ते भांडं तिच्या घरात राहील. कोणीतरी वाचेल. रायपूरच्या मंदारची आई हिला पितळेची गुंडी काहून देते, असं कोणी विचारलं तर ती काय सांगेल?”

जे त्याने सरकारला सांगितलं नाही, ते मी गोल बाजारात पैसे देऊन पितळेवर कोरून घेतलं होतं.

“तू परत ये,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “आणि आलीच नाहीस, मला माहीत आहे तू ऐकणार नाहीस, तर गुंडी गाडीतून काढू नको. तिचं नाव कोणाला विचारू नको. तिच्याजवळ बसू नको. तुंबा ठेव आणि ऊठ.”

लॉजवाल्याकडून तारेची घासणी मागून आणली. बाहेरची वाळू आणली. न्हाणीत बसून गुंडी घासायला लागले. माझी नखं गेली, पदर भिजला. पण ‘खोल घाला’ असं मीच सांगितलं होतं. जितकं घासावं तितकी अक्षरं उजळत गेली. शेवटी टॉवेलात गुंडाळून गुंडी गाडीत मागच्या सीटखाली नेऊन ठेवली. जेवण आलं होतं, त्या दिवशी मला भूक लागली नाही.

परत जावं असं वाटलं. खरंच वाटलं. पण आणखी एक भीती होती, ती मी मंदारला बोलून दाखवली नव्हती. सात महिने झाले होते. ती आहे का, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. त्या माणसांना नंतर कळलं असेल तर? मला तिला डोळ्यांनी पाहायचं होतं.

हाट

हाटाच्या गावाचं नाव सांगत नाही. पक्का रस्ता संपतो, लाल मातीचा सुरू होतो, आणि मग अचानक माणसंच माणसं. मीठ, मिरची, सुकट, लोखंडाचे विळे, पानांच्या द्रोणात लाल मुंग्यांची चटणी. हेमलालने कौतुकाने चटणी आणली, मी बोटाला लावून चाखली. लिंबासारखी आंबट. एरवी मी घरी येऊन शंभर जणांना सांगितलं असतं. तिथे मी बोट पदराला पुसलं आणि चिंच शोधायला लागले.

चिंच सापडली. खाली चार बाया बसल्या होत्या. चौघींचे कान मी पाहिले. फाटलेली पाळी कोणाचीच नव्हती.

नाव विचारायचं नाही. हेमलाललाही सांगायचं नाही. मी हाटात एक फेरी मारली, परत आले. नव्हती. दुसरी फेरी मारली. नव्हती. बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहिले आणि बांगड्या दिसेचनात. तिला मारलं असेल, आणि ते आपल्या पोरामुळे, हेच डोक्यात फिरत होतं. मंदारला काय सांगायचं, याची मी वाक्यं जुळवायला लागले. खोटं सांगेन, म्हटलं. भेटली, मजेत आहे, असं सांगेन.

तिसऱ्या फेरीला ती होती. उशिरा आली असावी, टोपलीवरचं फडकं नुकतंच काढत होती. माझ्याहून लहान, पन्नाशीची असेल. हनुवटीवर गोंदलेलं, डाव्या कानाची पाळी दुभंगलेली. मी तिच्यापुढे बसलेच. बसू नको म्हणाला होता, पण बसले.

चारोळी हातात घेऊन पाहायचं नाटक केलं. मग पिशवीतून तुंबा काढून तिच्या टोपलीशेजारी ठेवला.

चारोळीत फिरणारा तिचा हात थांबला. माशांच्या ओळीवर नजर गेली, तिथेच राहिली. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ओठ न हलवल्यासारखं करून एकच शब्द बोलली. “जा.”

तो शब्द तिच्याकडेही तोच आणि आपल्याकडेही तोच. मी उठणार, तेवढ्यात मागून हेमलालची हाक आली.

“दीदी, आपकी भेंट तो गाड़ी में ही छूट गई थी.” बिचारा पळत आला होता. टॉवेल सोडून, पुसून, त्याने गुंडी आम्हा दोघींच्या मध्ये ठेवली. वाळूने घासलेली, उन्हात लखलखणारी. चिंचेखालच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

चूक त्याची नव्हती. मीच त्याला काही सांगितलं नव्हतं.

पलीकडे एक माणूस मोटरसायकलला टेकून उभा होता. तिशीचा, चौकड्यांचा शर्ट. तो आला, वाकला आणि गुंडी उचलली. तो कोण होता हे मला आजही माहीत नाही. गिऱ्हाईक असेल. इथल्या शाळेचा शिक्षक असेल. नसेलही. त्याने गुंडी फिरवली, अक्षरांवर अंगठा फिरवला आणि वाचायला लागला. आधी तिचं नाव. मोठ्याने.

ती बाई टोपलीतली काडी-कचरा निवडत राहिली. पण तिच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती.

“ये किसका नाम है?” त्याने विचारलं.

माझ्या तोंडातून आलं, “मेरा.”

“आपका?”

“मेरा नाम है. शादी का बर्तन है. जेठानी ने दिया था, मंदार की माँ ने. अब घर में बर्तन रखने को जगह नहीं, तो सोचा इधर चारोळी के बदले दे दूँ.” मी कशी बोलत होते मलाच कळत नव्हतं. हेमलालचं तोंड उघडं राहिलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“शादी का है तो इतना चमकता कैसे है?”

जन्मभर भांडी घासली त्याचं त्या क्षणी सार्थक झालं. म्हणाले, “इमली से माँजती हूँ. एक दिन नहीं, पूरे तीस साल से. आपके घर में कौन माँजता है?”

तो हसला नाही. गुंडी हातात तोलत माझ्याकडे पाहत राहिला. मग तिच्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, आता हा तिला विचारेल, तुझं नाव काय. हाटातल्या कोणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.

त्याआधी ती उसळली. हलबीत, सगळ्या हाटाला ऐकू जाईल अशी. निम्मं मला समजलं, उरलेलं हेमलालने नंतर सांगितलं. ही शहरातली बाई कधीची माझ्यापुढे पसरून बसली आहे. धड घेत नाही, धड उठत नाही. जुनं भांडं आणते आणि चारोळी टोपलीभर मागते. आणि तू रे, तुझी सावली माझ्या मालावर पडली आहे, गिऱ्हाईक येईल कसं, पाय काढ आधी.

पाय काढ आधी. हे मी ऐकलेलं होतं. मंदारने पाचोळ्याखालून ऐकलं होतं तेच.

त्या माणसाने गुंडी खाली ठेवली. काहीतरी पुटपुटला आणि मागे सरून पुन्हा मोटरसायकलला टेकून उभा राहिला. गेला नाही. आमच्याकडे पाहत राहिला.

मग आम्ही दोघींनी सौदा केला. मी हिंदीत, ती हलबीत, दोघी भांडल्यासारख्या. तिने गुंडी उचलली, वाजवली, तोंड वाकडं केलं, ढकलून परत दिली. नको, म्हणाली. तुंब्याकडे बोट केलं. हा चालेल. उचलून हलवला. आतला दुबराज खुळखुळला. तिने तो आपल्या पाठीमागे ठेवला, जणू आत्ताच विकत घेतला. मग मापाने चारोळी घेतली आणि माझ्या गुंडीत ओतली. एक माप, दुसरं माप. माझ्या घरून भरून आलेलं भांडं तिने घेतलं होतं आणि माझंही रिकामं पाठवत नव्हती.

दुसरं माप ओतताना तिचा डावा हात खाली गेला आणि तिने स्वतःची नडगी खाजवल्यासारखी चोळली. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि भुवया जराशा उचलल्या.

“हव,” मी म्हणाले. “हव, ठीक आहे.”

तिने माप टोपलीत टाकलं आणि मला हाताने झटकून लावलं. मी उठले. मागे वळून पाहायचं नाही, असं स्वतःला बजावत गाडीपर्यंत गेले.

परत

केशकाळ येईपर्यंत हेमलालने गाडी कुठेच थांबवली नाही. घाटात मातेपुढे गाडी थांबवली, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. “दीदी, मुझे पहले बता देतीं.”

“हव भैया. चुकलं माझं.”

“वो आदमी हमारे निकलने के बाद भी वहीं खड़ा था. मैंने शीशे में देखा.”

हे त्याने सांगायला नको होतं. मला त्यानंतर कळलेलं काही नाही, आणि कळायचा मार्गही नाही. आता बुधवार आला की सकाळपासून माझं लक्ष लागत नाही. भाजी करपते, मीठ दोनदा पडतं. तो तिच्याकडे पुन्हा गेला असेल का, तिला तिचं नाव विचारलं असेल का, हेच मनात येतं. मी तिथे गेले ते तिच्यासाठी की माझ्या मनाच्या समाधानासाठी, असा प्रश्न मंदारने विचारला नाही, पण मी स्वतःला विचारते. उत्तर मला माहीत आहे आणि ते मला आवडत नाही.

घरी पोचले तेव्हा मंदार दारातच काठी घेऊन उभा होता. “आहे?” त्याने विचारलं.

“आहे. तुझ्या पायाचं विचारलं तिने.”

तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आला, गुंडीतली चारोळी डब्यात काढली, गुंडी फिरवून नाव वाचलं. मी त्याला हाटातलं सगळं सांगितलं. तो ऐकत बोटाने अक्षरं चाचपत होता.

“गोल बाजारात मशीनवर घासून देतात,” तो म्हणाला. “जाईल पूर्ण. देऊ का?”

“नको,” मी म्हणाले.

त्याने गुंडी धुतली, पाण्याने भरली आणि ओट्यावर ठेवली. पहिला पेला त्यानेच घेतला.

गुंडी आता तिथेच असते. तिच्यावरचं नाव मी या लेखात कुठेही लिहिलेलं नाही, नीट पाहा. गावाचंही नाही. आमच्याकडे पाहुणे येतात, पाणी घेताना गुंडी वळवून वाचतात, कोणी जाऊबाई, कोणी शेजारीण. म्हणतात, हे कोणाचं गं नाव, असं कोणी तुमच्यात नाही. मंदार बाहेरच्या खोलीतून ऐकत असतो.

मी म्हणते, माझं.